होडीवाला जावई

मामी आत आल्या की आधी दार अर्धं लोटायच्या, पदर तोंडाशी धरायच्या, गल्लीकडे एकदा वळून बघायच्या आणि म्हणायच्या, "कोनले सांगू नको बरं का!" त्यापुढचं सगळं पलीकडच्या घरांना ऐकू जायचं. तुमच्याही गल्लीत अशी एक मामी असेलच. नसेल, तर तुमच्याकडच्या बातम्या शिळ्या असणार.

कोरीट गावात आमच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. नेमक्या कुणाच्या मामी ते ठाऊक नाही, सगळं गाव मामीच म्हणायचं. लाल मिरच्यांचे देठ खुडायला बायका बसल्या की मामी मधोमध. ठसका लागला तरी बातमी अर्धी सोडायच्या नाहीत. मला मालदीवच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली, तेव्हा ही बातमी आईला आपणच सांगावी म्हणून मी धावत घरी आले, तर मामी आधीच पोचलेल्या आणि आई पेढे वाटत बसलेली!

मी तिकडे रुजू झाले आणि काही महिन्यांतच आईचं सुरतेला हृदयाचं ऑपरेशन झालं. वडील नव्हते, भाऊबहीण नव्हतं. मी आले, तिला घरी आणलं, मामींच्या हवाली केलं आणि परत गेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, "यांच्या जिवाला घोर लागेल असं काही कानावर घालू नका."

आणि तिकडे मलाच डेंग्यू झाला. बेटावरच्या दवाखान्यात सलाईन लावून पडले होते. खिडकीतून निळाशार समुद्र दिसायचा आणि मला आईच्या हातची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर आठवून रडू यायचं. आईचा फोन मी उचलत नव्हते. आवाजावरूनच तिने ओळखलं असतं.

शेवटी मामींचा फोन आला. "तू फोन का नही उचली ऱ्हायनी? तुन्ही माय वाट पाही ऱ्हायनी!"

मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "मामी, मायले सांगू नको. तिले काही व्हई जाई."

"मी कोनले सांगस का?" मामी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी कपाळाला हात लावला. सलाईनच्या सुईसकट.

त्यानंतर आईचे फोन बंदच झाले. मामींना विचारलं, तर म्हणाल्या, "तुन्ही माय ठणठणीत शे. भलती चिडेल शे. तू गुपचूप पड."

चिडलेली? कशावर? मी ताप मोजत पडून राहिले. बरी होऊन खोलीवर आल्याबरोबर आईला फोन लावला. पलीकडून आईचा कडक आवाज, "तुन्हा तो होडीवाला कसा शे?"

तर झालं होतं असं. मामींनी दार लोटून आईला सांगितलं होतं, की पोरीचं मन तिथल्या एकावर बसलं आहे. घरची होडी आहे. भाकरी खात नाही. मिरचीचा तर वासही सहन होत नाही. "तू तिले काही विचारू नको. तू बोलनी तं ती उद्या लगन करी टाकी. अबोला धर!"

आईने धरला. रागाच्या भरात गोळ्या वेळेवर घेतल्या, रोज फिरायला गेली, कारण मी आल्यावर मला फैलावर घ्यायला ताकद लागणार होती.

"अवं मामी, डॉक्टरनी काय सांगं व्हतं?" मी त्यांना झापलं.

"घोर नको, आसं सांगं व्हतं. राग चालस. रागमा मानूस एक भाकर जास्ती खास!"

खरं कळल्यावर आईने मामींशी अबोला धरला. तो संध्याकाळच्या चहापर्यंत टिकला. गावाने मात्र होडीवाला सोडला नाही. मी सुट्टीत आले की कुणी तरी विचारायचंच, "जवाई कवय येस?"

यंदा मामींचे फोन बंद झाले. आई म्हणाली, "सुरतले पोरकडे गयी. फाफडा खाई खाई जाड व्हयनी." मला रागच आला. फाफडा मिळाल्यावर आमची आठवण कशाला येईल! तरी सुट्टीत येताना त्यांना चिडवायला एक लाकडी होडी घेतली. लहानशी, हातात मावेल एवढी.

मामींच्या दाराला कुलूप होतं. मी होडी घेऊन तशीच घरात शिरले. आई उठली. तिने दार अर्धं लोटलं, पदर तोंडाशी धरला. तिचा आवाज खरोखरच खाली गेला. मामी सुरतेला गेल्याच नव्हत्या, उन्हाळ्यातच वारल्या होत्या. जाताना सगळ्यांना बजावून गेल्या होत्या, "पोर परदेशमा एकली शे. तिन्ह्या शाळामा परीक्षा चालू शे. ती घर येवालोंग तिले सांगानं नही." आणि आमच्या त्या गल्लीने, होय, आमच्याच गल्लीने, ते पाळलं होतं.

मी रडत राहिले. आईने माझ्या हातातली होडी घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि डोळे पुसत म्हणाली, "हाई त्या होडीवालानीच का?"