पाहुणीचा पासपोर्ट

मंडळी, आत्ताच मैदानावरून आलोय, घाईत लिहितोय. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

इथे परदेशात, आमच्या ग्लेन वेव्हर्लीच्या घरी सध्या सोळा वर्षांची केटी उतरली आहे. उत्तर अमेरिकेतल्या हॉडेनोशॉनी या मूलनिवासी राष्ट्राच्या मुलींच्या टीममधून ती लॅक्रॉस खेळते, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलते. आज पहिली आंतरराष्ट्रीय मॅच. पासपोर्ट दाखवल्याशिवाय मैदानात प्रवेश नाही, आणि सकाळी तोच सापडेना!

पासपोर्ट त्यांच्या स्वतःच्या राष्ट्राचा, अनेक देश तो मानतही नाहीत. हरवला तर धाव घ्यायला इथे दूतावासही नाही. मी कपाटं, बॅगा, कचऱ्याचा डबासुद्धा उपसला. एरवी ढीगभर स्तोत्रं पाठ, पण आज तोंडातून ॐ फुटेना.

तेवढ्यात बायको आंघोळ करून आली. "अहो, ओरडताय काय? जपून ठेवा म्हणाली पोरगी, म्हणून देवाजवळ ठेवलाय."

बाळकृष्णाच्या पायाशी पासपोर्ट, आणि त्यावर कुंकवाचं बोट! हा असा चालेल?

केटीने तो शांतपणे बाहीला पुसला. "नो वरीज, अंकल. लाल ठिपका नसला तरी आमचा पासपोर्ट लोक उलटसुलट करून बघतातच. म्हणून आम्ही नेहमी लवकर निघतो."

पासपोर्ट चालला, ती खेळली. मी मात्र सकाळच्या त्या अर्ध्या तासात अर्धा झालो. इतकं शांत व्हायला ही पोर आधी किती वेळा घाबरली असेल, सांगा बरं?