फ्रंटचा दांडा

गॅरेजच्या उस्तादांनी जीपखालचं एक झाकण काढलं, आत दोन बोटं घातली, बाहेर काढली, फडक्याला पुसली आणि पुन्हा घातली. पाकीट मारलं गेलं की माणूस तोच खिसा पुन्हा पुन्हा चाचपतो, तसं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मॅडम, ह्याच्यात गिअर न्हाई."

"आपण गिअरचंच तर काम करतोय," मी म्हणाले.

"ते गिअरबॉक्समधले. हे त्याच्या मागचं डबडं हाय. पुढच्या चाकांना ताकद इथून जाती. म्हंजे जायला पायजे. इथं जो गिअर पायजे, तो हायच न्हाई. हात घाला, हात घाला."

मी हात घातला. काळ्या दाट तेलात एक लोखंडी काटा बोटांना लागला. गाडीतला दांडा ओढला की हा काटा सरकतो आणि आपल्याबरोबर तो गिअर सरकवतो, अशी रचना. काटा होता. उस्तादांनी वरून दांडा ओढून दाखवला. काटा रिकाम्या तेलातून इमानदारीने सरकला आणि खट् असा आवाज झाला.

तो आवाज ऐकून मी शेजारच्या टायरवर बसले. आमचं घर त्या आवाजावर उभं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाझर तलावांच्या खात्यात इंजिनिअर. किनवटकडे बदली झालेली असताना त्यांनी दुसऱ्या एका खात्याच्या लिलावात ही जीप घेतली. तिला तीन दांडे. एक नेहमीच्या गिअरचा. बाकी दोन छोटे: एक पुढची चाकं जोडणारा, म्हणजे फ्रंटचा, आणि दुसरा गाडीचा वेग मारून जोर वाढवणारा. अण्णा दोन्ही छोटे दांडे एकदमच ओढत, पण श्रेय सगळं फ्रंटला. ओढा आला की गाडी थांबवायची, आतल्या सगळ्यांना गप्प करायचं, चष्मा सारखा करायचा आणि मग ओढायचं. खट्. "फ्रंट लागला," असं ते जाहीर करत, जणू विमान सुटणार आहे. दसऱ्याला लोक गाडीला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आमच्याकडे ते सगळं उरकलं की फ्रंटच्या दांड्याला वेगळं हळदकुंकू लागायचं. त्याच्या मुठीच्या खाचेत ती हळद गॅरेजमध्येही दिसत होती.

आणि माझा जन्म. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा किनवटच्या जंगलातलं आमचं क्वार्टर आणि दवाखाना यांच्यामध्ये एक नाला होता, आणि त्याला पूर होता. अण्णांनी फ्रंट लावून गाडी पाण्यात घातली, पाणी पायांशी आलं, तरी गाडी निघाली. ही गोष्ट माझ्या बारशाला सांगितली गेली. माझ्या लग्नात माइकवरून सांगितली गेली आणि सासरच्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या जन्मात आईचा वाटा किती होता, यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

आता अण्णा ऐंशीच्या पुढे गेलेत. ते आणि आई दोघंच जळकोटजवळ शेतात राहतात. आईला दमा आहे. घर आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये ओढा. दुसरी वाट पुलावरून, लांबच्या फेऱ्याची, आणि पावसात तिचा चिखल होतो. मी एकुलती एक. दर उन्हाळ्यात म्हणते, नांदेडला माझ्याकडे या. लेकीच्या घरी राहायचं नाही हे न येण्याचं खरं कारण. ते अण्णा कधी बोलत नाहीत. बोलतात ते दुसरंच. "फ्रंट हाय ना. कितीबी पाणी येऊ दे, तुझ्या आईला न्हेतो की दवाखान्यात." गेल्या पावसाळ्यात त्यांनी नेलंही होतं. ओढा भरून वाहत असताना.

टायरवर बसल्या बसल्या हे आठवलं आणि मी उठून पुन्हा त्या डबड्यात डोकावले.

खरं तर जीप दुसऱ्याच आजारासाठी आली होती. दुसरा गिअर आपोआप सुटायचा. अण्णांनी तो गुडघ्याने दाबून धरत गाडी नांदेडला आणली, देगलूर नाक्याजवळच्या या गॅरेजात लावली, उस्तादांना गिअरबॉक्स या विषयावर व्याख्यान दिलं आणि एसटीने परत गेले. उस्तादही काही कमी नव्हते. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले. सगळं गॅरेज गप्प. "बेरिंग बोलून राहिली," ते म्हणाले. "मॅडम, माझ्या कानाला आतलं सगळं दिसतं."

त्या कानाला आत नसलेलं मात्र दिसलं नव्हतं, आणि याचा धक्का माझ्यापेक्षा त्यांना जास्त बसला असावा. ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ त्या डबड्याकडे बघत होते.

"आमचे अब्बा हिचं तेल बदलायचे," ते म्हणाले. "हमेशा म्हणायचे, ह्या जीपचा फ्रंट लई मजबूत."

यात खोटं काही नव्हतं. न वापरलेली वस्तू मजबूतच राहते.

"पण मग गाडी पाण्यातून निघायची कशी?"

"मागच्या चाकांवर. ते दुसरा दांडाबी ओढायचे ना? त्याचा जोर. आणि बाकी..." त्यांनी बोट वर केलं. "बाकी वरचा. लिलावाच्या आधी कोणीतरी काढला असंल हो. लोक बॅटरी काढतेत, स्टेपनी काढतेत. ह्यानं गिअर काढला. शौकीन माणूस."

"आवाज? तो खट्?"

"तो तर स्प्रिंगचा. स्प्रिंग आणि गोळी. दांडा जागेवर बसला की वाजती. गिअर असो-नसो."

गिअरबॉक्स पूर्ण खोलला गेला. दात गेलेला दुसरा गिअर, भुगा झालेलं बेरिंग, झिजून चपट्या झालेल्या सुया, म्हणजे सुयांसारखे बारीक रोलर, सगळं रॉकेलच्या परातीत पडलं. उस्तादांनी नव्या सुया ग्रीस लावून एकेक चिकटवल्या, रुद्राक्ष ओवावेत तशा. पुठ्ठा झाकणावर धरून हातोडीने कडा ठोकत तेल अडवणारं गॅस्केट कापलं. हे चालू असताना मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. अण्णांना सांगितलं, तर त्यांची आयुष्यभराची गोष्ट जाते. न सांगता गिअर बसवला, तर फ्रंट पहिल्यांदाच खरा होतो, आणि मग भरल्या ओढ्यात आईला घेऊन उतरायला त्यांना माझाच आशीर्वाद. शेवटी मी ते उस्तादांपुढे बोलूनही दाखवलं.

"सांगू नका," उस्ताद म्हणाले. "मी जुन्या बाजारातून गिअर आणतो, बसवतो, विषय खतम. त्या वयाला माणूस भरवशावर चालतो, मॅडम. पेट्रोलवर न्हाई."

मी गिअर बसवू दिला. सांगायचं काय ते जळकोटला जाऊन बघू, असं मनाशी म्हटलं. म्हणजे सांगणार नव्हतेच.

दुरुस्त जीप मी चालवत जळकोटला नेली तेव्हा पाऊस अजून सुरू व्हायचा होता. ओढ्यात घोटाभर पाणी, खाली ओली वाळू. अण्णांनी मला स्टेअरिंगवरून उठवून शेजारच्या सीटवर पाठवलं, आई मागे बसली.

"तुझ्या नांदेडच्या मिस्त्रीनं काय दिवे लावले ते बघू," अण्णा म्हणाले. "गप बसा आता दोघीबी."

"मी कवा बोलले?" आई म्हणाली.

चष्मा सारखा झाला. खट्. "फ्रंट लागला."

गाडी पाण्यात उतरली. अण्णांची रीत अशी की पलीकडच्या चढावर धाव घेऊन जायचं, मागची चाकं वाळू उडवत, गाडी शेपूट हलवत वर. त्यांनी धाव घेतली. पण वाळू उडाली नाही, शेपूट हललं नाही. पुढची चाकं चढाला चिकटली आणि पुढून कोणी दोर लावून ओढावी तशी जीप सरळ वर गेली. वर वळण होतं. पुढच्या चाकांत ताकद आल्याने स्टेअरिंग जड झालं. अण्णांना दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. दांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे असं कधी झालं न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी दांडा मागे-पुढे करून बघितला.

"तो मिस्त्री काय करून राहिला आत?"

ते इंजिनिअर होते. प्रश्न विचारता विचारताच उत्तर त्यांच्यापर्यंत पोचत होतं, हे मला चेहऱ्यावर दिसत होतं. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरं सांगितलं. काटा, तेल, नसलेला गिअर, स्प्रिंगची गोळी. माझ्या शब्दागणिक ते सीटमध्ये मागे जात होते. हात मात्र स्टेअरिंगवर तसेच.

"पहिल्यापासून?"

"लिलावाच्या आधीपासून, असं उस्ताद म्हणाले."

"म्हंजे किनवटला..."

"हो."

मागून आई म्हणाली, "तवा तुम्ही म्हणले होते, फ्रंट लावलाय, आता भिऊ नको. म्हणून मी भ्याले न्हाई."

अण्णा मागे न वळता म्हणाले, "भ्यायला पायजे होतं गं." मग, जणू आम्ही तिथे नाहीच, "गेल्या सालीबी."

परतताना त्यांनी गाडी ओढ्यात घातली नाही. लांबच्या फेऱ्याने, पुलावरून आणली. आता फ्रंट होता, पाणी घोटाभरच होतं, तरी पुलावरून. वाटेत आईला एकदा खोकल्याची उबळ आली तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि खोकला पूर्ण थांबेपर्यंत आरशात बघत राहिले.

फाटकापाशी उतरताना त्यांनी मला विचारलं, "तुझ्या गल्लीत जीप वळती का?"

"वळत नाही, अण्णा. मागे घ्यावी लागते."

"बरं," ते म्हणाले. "मागं घेऊ."