एकाच पसंतीचा अर्ज

बारावीनंतर मला परदेशी भाषा शिकायची होती आणि पुढे आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करायचं होतं. आमच्या दुबलगुंडी गावात हे सांगायची सोय नव्हती. सांगितलं की समोरचा विचारायचा, "म्हंजे विमानात काम करायचं का?" अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मात्र हरकत घेतली नाही. ते एवढंच म्हणाले, "हैदराबादला लागलं तर जा. न्हाई लागलं तर हुमनाबादला बी.कॉम. मग रडायचं न्हाई." मी लगेच हो म्हटलं, कारण जागा मिळणार याची मला खात्रीच होती.

खात्री कशाच्या जोरावर, तर घटनेच्या कलम तीनशे एकाहत्तर-जेच्या. आमच्या बीदर-कलबुर्गीकडच्या लोकांना कर्नाटकातल्या कॉलेजांत आणि नोकऱ्यांत राखीव जागा देणारा तो दाखला. तहसीलच्या खेपा घालून तो एकदा हातात आला की आमच्याकडे मूल मार्गी लागलं असंच समजतात. माझा चुलतभाऊ त्याच्यावर इंजिनिअर झाला, शेजारची अक्का शिक्षिका झाली. हैदराबादच्या विद्यापीठाच्या अर्जात पसंतीचे पाच रकाने होते. नोकऱ्या जर्मनला आहेत असं ऐकलं होतं, म्हणून पहिल्यात जर्मन लिहिलं. दुसरा भरायला घेतला तर चुलतभाऊ म्हणाला, "कामून भरायलीस? भरलं की तेच गळ्यात मारतेत. दाखला हाय की आपल्याकडं." मला ते पटलं. उरलेले चारही रकाने रिकामे ठेवून मी अर्ज पाठवून दिला. अक्कल पाजळायची आम्हा दोघांनाही भारी हौस.

प्रवेशाच्या दिवशी मी अप्पांसोबत हैदराबादला गेले. कागद तपासणाऱ्या बाईंनी दाखला हातात घेतला, पाठपोट पाहिला आणि माझ्यापुढे सरकवला. "ये तुमारे कर्नाटक का है, अम्मा. यहाँ नै चलता." मग यादीत बोट फिरवून म्हणाल्या, "जर्मन तो भर गया. दूसरा कुछ नै लिखे क्या?"

दुसऱ्या राज्यात आपल्या राज्याचा दाखला चालणार नाही, हे साधं गणित घरात एकालाही सुचलं नव्हतं. आता अप्पा सगळ्यांसमोर मला झापणार, नाहीतर बाईंना हात जोडणार, असं वाटलं. दोन्हींची सारखीच लाज वाटत होती. पण तुरीच्या व्यापाऱ्याशी बोलतात त्याच सुरात अप्पांनी विचारलं, "बदलने का कुछ रस्ता है क्या, बाई?"

रस्ता होता. दुपारच्या सुट्टीआधी साधा अर्ज द्यायचा, मग उरलेल्या जागा गुणांप्रमाणे. रशियन आणि फारसीत थोड्या जागा होत्या. "एम.ए. मला आंतरराष्ट्रीय संबंधांतच करायचंय, त्याला रशियन चालेल का?" मी इंग्रजीत विचारलं. बाई म्हणाल्या, चालेल, त्याला कुठलीही पदवी चालते. मी रशियन लिहिलं, आणि या वेळी खाली फारसीही लिहिलं.

मग बाकावर बसून राहिलो. प्रत्येक नाव पुकारलं की एक जागा कमी व्हायची. चुलतभावाचा राग आला, मग स्वतःचा आला. त्याने सांगितलं तरी पेन माझ्याच हातात होतं. अप्पांनी डबा उघडला नाही. मला मात्र हुमनाबादच्या कॉलेजचं फाटक डोळ्यांपुढे दिसत होतं.

तीन वाजायच्या सुमारास माझं नाव आलं. रशियन. मी सही केली. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. सुटले, सुटले, एवढंच मनात होतं.

अप्पांनी आता डबा उघडला. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "रशियन शिकून माणूस काय होतंय?"

"मला न्हाई म्हाईत, अप्पा."

"बरं झालं," ते म्हणाले. "बी.कॉम. करून तू काय होणार हुतीस, ते मला सगळं म्हाईत हुतं."