सगळ्या मेलेल्यायले मनकर्णाचे डोये

देवमनभाऊजी, माह्या मोठ्या बहिणीचा, मनकर्णाबाईचा नवरा, परतवाड्यात फोटोचं दुकान चालवते. मेलेल्या माणसाचा मिटल्या डोयायचा फोटो आणून द्या, हा बाबा कॉम्प्युटरवर त्याले डोये उघडून देते. मंग घरचे त्याले हार घालतेत. काम लय सुंदर, नाई म्हणत नाई. पर मनकर्णाबाईच्या बाबतीत त्यायनं जे केलं, ते मी माफ करणार नाई.

मी तिवस्याले असते. दोन वर्षं बाई मले मोबाइलवर फोटो धाडे, अन् फोटोत कशी झकास दिसे! यंदा मी न सांगता परतवाड्याले गेली, त दारातच थबकली. तिचे डोये असे बाहेर आलेले, का पापणी पुरत नव्हती. वाळून गेली होती, हात थरथरत होते. दुपारी ती झोपली, तरी डोये अर्धे उघडेच. घोरूनही राहिली होती, अन् माह्याकडे पाहूनही राहिली होती. मी भेलीच.

शेजारची गोदाबाई कुजबुजली, "देवमन मेलेल्यायले डोये देते न, ते हिच्यातून ओढून राहिला."

"चूप बसा वं!" मी खेकसली. पर रात्री बाईजवळ दिवा लावूनच निजली.

दुसऱ्या दिवशी बाई-भाऊजी दोघायलेही घेऊन अमरावती गाठली. डॉक्टरीणबाईनं मागं उभं राहून वरून डोये पायले, गळा चाचपला, बाटलीचं लाल झाकण एकेका डोयाले दाखवलं. उजव्या डोयाले ते मातकट दिसे.

"थायरॉइड वाटतो. रक्त तपासू, डोळ्यांमागचा स्कॅन करू. पण सुरुवात कधी झाली? जुने फोटो आहेत?"

मी मोबाइल दिला. तिनं एकेक फोटो मोठा केला. "सगळ्या फोटोंत डोळे एकच आहेत. चमकसुद्धा त्याच जागी."

भाऊजीनं मोबाइल घेऊन पालथा ठेवला. "फोटो पाहून बाई रडे. म्हणून तिचे लग्नाच्या फोटोतले डोये लावत गेलो."

"अन् मेलेल्यायले?"

"त्यायलेही तेच. असे डोये दुसऱ्या कोणाचे हायेत?"

मले त्यायच्या दोन थोबाडीत द्यावं वाटलं, अन् रडूही आलं.

थायरॉइडच निघाला. डोयामागची सूज नजरेची नस दाबत होती. "वर्षभर आधी आणायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. औषधानं डावा डोया वाचला. उजव्याची नजर गेली.

परवा मी बाईसंग दुकानात गेली. मेलेले रामराव, पार्बताबाई, सगळे फ्रेमीतून आमच्या बाईच्या डोयायनं माह्याकडे पायत होते. बाईनं एक फ्रेम तोंडाजवळ धरली.

"कोणाचे हायेत वं हे डोये?"

"तुयेच," मी म्हटलं.

बाई भाऊजीकडे वळली. "एवढ्यायले देल्ले न तुमी? मंग एक मले वापस मांगून द्या."