चरकाजवळची दुपार

नातसून पुरणासाठी गूळ शिजवते, तेव्हा त्या वासाने आजही माझे हात गार पडतात.

कोपरगावजवळ आमचं गुऱ्हाळ होतं. स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात मी चरकाचे बैल हाकत होतो आणि चुलतभाऊ बापू चरकात ऊस घालत होता.

"हळू हाक रं दादा, हात दमल्यात," तो म्हणाला.

"म्हातारा झालास व्हय?" म्हणत मी बैलांवर आसूड ओढला. बापू किंचाळला. उसाबरोबर त्याची बोटं आत गेली होती. मीच धावत जाऊन बैल मागे रेटले. रस लाल झाला होता.

माणसं जमली. "सटवाईनं कपाळी लिवलेलं कोन पुसनार? पर ह्यानं बैल थांबवलं म्हनून हात वाचला," कोणी म्हणालं. बापू आता बोलेल, या भीतीने मी बैलांमागे सरकलो. तो एवढंच म्हणाला, "लिवलंच हुतं."

बोटं गेली सटवाईमुळे आणि हात वाचला माझ्यामुळे, असं गाव म्हणत राहिलं. बापूही मरेपर्यंत तेच मानत होता. सटवाईने काय लिहिलं, मला ठाऊक नाही. बापू हळू हाक म्हणाला होता आणि मला ते नीट ऐकू आलं होतं.