चिट्ठीबाबूंची लाल शाई

फ्रेंच किंवा इंग्रजी पत्र चिट्ठीबाबूंच्या हाती आले, की ते दुरुस्त झाल्याशिवाय खाली ठेवले जात नसे. मग ते कोणाचेही असो. कारखान्याच्या शेठच्या मुलाचा शाळेतला रजेचा अर्ज, मालगोदामाच्या बाबूचा निरोप, सगळे लाल खुणा अंगावर घेऊन त्याच संध्याकाळी परत जायचे. मार्सेयच्या एका व्यापाऱ्याचे पत्रही त्यांनी एकदा असेच परत धाडले होते, म्हणतात. शेठ फार संतापले. काही महिन्यांनी व्यापाऱ्याचे उत्तर आले. त्यात आभार होते आणि मालाची नवी मागणीही होती. त्यानंतर बाबूंच्या लाल शाईबद्दल शेठनी कधी शब्द काढला नाही.

गोंदियात तेव्हा लाखेचा एक कारखाना होता. जंगलपट्टीतल्या कुसुम-पळसावरची लाख बैलगाड्यांनी तिथे यायची, ती वितळवून तिचे पातळ पापुद्रे, म्हणजे चपडा, व्हायचा आणि पेट्यांत भरून तो रेल्वेने कलकत्त्याला व तिथून समुद्रापार जायचा. परदेशी पत्रव्यवहारासाठी शेठनी पाँडिचेरीचे एक गृहस्थ ठेवले होते. फ्रेंच सरकारची रयत, फ्रेंच शाळेत शिकलेले. त्यांचे तमिळ नाव बरेच लांब होते. गावाने ते दोन दिवसांत टाकून दिले आणि त्यांना चिट्ठीबाबू केले. उंच, सडपातळ, गळ्यापर्यंत बटणे लावलेला पांढरा कोट, काखेत छत्री. घरी दुसरे कोणी नाही. वीस वर्षे इथे काढल्यामुळे ते हिंदी आणि गाडीवानांची मराठी मिसळून बोलत.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो परीक्षेमुळे. पहिले महायुद्ध संपून थोडीच वर्षे झाली होती. मी गोंदियाजवळच्या मुर्रीची, सतरा वर्षांची. मुलीला संस्कृत शिकवायला कोणी मिळेना, म्हणून आमच्या शाळेच्या मडमबाईंनी मॅट्रिकच्या अर्जात माझी दुसरी भाषा फ्रेंच भरली आणि त्या स्वतः शिकवू लागल्या. थंडीत त्या आजारी पडल्या आणि विलायतेला गेल्या. परीक्षेला नऊ आठवडे उरले होते आणि विषय बदलता येत नव्हता. पास झाले तर नागपूरला शिक्षिकेच्या शिक्षणासाठी माझी जागा राखलेली होती. नापास झाले तर सौंदडच्या एका घरी बाबांनी माझ्या लग्नाचा शब्द देऊन ठेवला होता. मी तेव्हाही याद्या करत असे. त्या यादीत फ्रेंच सोडून सगळ्या विषयांपुढे खूण झालेली होती.

मार्ग सुचवला सोमाजी गाडीवानाने. चोरखमाऱ्याकडच्या जंगलातून लाख आणून त्याने मुर्रीत साठवली होती आणि तिथेच मुक्काम टाकला होता. त्या हंगामात तो रोज सकाळी आमच्या दारावरून कारखान्यात माल नेई आणि संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परते. मी दारात पुस्तक घेऊन रडवेली बसलेली पाहून तो म्हणाला, "कारखान्यात एक बाबू हाये. साहेबायची बोली दिवसभर कागदावर लिवून राह्यते. त्याले पुसू का?"

एकट्या पुरुषाच्या बिऱ्हाडी मी शिकायला जाणे शक्य नव्हते. म्हणून मी नऊ ओळींचे एक फ्रेंच पत्र लिहिले आणि सोमाजीच्या हाती दिले. संध्याकाळी ते परत आले. आईने कागद पाहिला आणि म्हणाली, "हे का रक्त सांडलं वो कागदावर?" खरोखरच तसे दिसत होते. खाली त्यांच्या रेखीव अक्षरात फ्रेंचमध्ये उत्तर होते : 'मादमोआझेल, आपले आजच्या तारखेचे पत्र पावले. मजकूर ध्यानात घेतला. सोबत दुरुस्ती पाठवीत आहोत. उत्तर उद्याच्या गाडीने यावे.' ते कळायला मला कोश घेऊन तासभर लागला. पण मला तोवर कोणी 'आपण' म्हटले नव्हते. घरात मी 'पोरी' होते, शाळेत 'ए'.

अशी आमची शिकवणी सुरू झाली. सकाळच्या गाडीने माझे पत्र, संध्याकाळच्या गाडीने दुरुस्ती. पत्र एका पानाचे आणि एकाच कामाचे. मराठीचा एकही शब्द नको. मला शब्द अडतात अशी मी तक्रार केली, तेव्हा सोमाजीबरोबर तोंडी निरोप आला. सोमाजीने तो त्यांच्याच आवाजात, मान ताठ करून सांगितला, "जो शब्द नहीं है, उसके वास्ते रोना नहीं. जो है, उसको काम पे लगाओ." मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. आज माझ्या शाळेत ते मी मराठीत सांगते.

एकदा मळणीच्या गडबडीत माझे पत्र राहिले. संध्याकाळी सोमाजीने एक कोरा कागद आणून दिला. त्याच्या मधोमध लाल शाईचे एक मोठे प्रश्नचिन्ह होते. त्यानंतर मी अंगात ताप असतानाही पत्र चुकवले नाही.

शाबासकी मात्र कधी नसे. चुका निम्म्यावर आल्या, तरी नाही. सोमाजीला माझी दया आली. "बाबू, पोरीले चांगलं म्हणा ना एखाद्या वक्ती," असे तो त्यांना म्हणाला. त्यावर ते म्हणाले होते, "दुरुस्त किया, मतलब पूरा पढ़ा. इससे बड़ा जवाब क्या होता है?" सोमाजीला ते पटले नाही. मलाही तेव्हा पटले नव्हते.

चौथ्या आठवड्यात एक अडचण माझ्या ध्यानात आली. मडमबाईंच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत मैत्रिणीला पत्र लिहा, आपल्या घराचे वर्णन करा, असे प्रश्न होते. मी मैत्रिणीला सुट्टीचे आमंत्रण लिहून पाहिले. ते असे झाले : 'आपणांस कळविण्यास आनंद वाटतो की आमचे घर उत्तम स्थितीत असून आपल्या आगमनाची नोंद घेतली आहे.' त्या पत्रातल्या चुका त्यांनी दुरुस्त केल्या आणि खाली प्रथमच व्यापाराबाहेरचे काही लिहिले : 'दोष माझा आहे. वीस वर्षांत मला घरचे पत्र लिहायला कोणी उरले नाही. आपण घरचे लिहा. मीही पुन्हा शिकेन.'

मग मी घरचे लिहू लागले. आईचे धान कांडणे, व्यायला आलेली गाय, बाबांचा पहाटेचा खोकला. त्यांच्या दुरुस्त्याही बदलल्या. कांडणाला कोणता शब्द घ्यावा हे त्यांना आठवेना, तेव्हा तीन शब्द लिहून त्यांनी तिन्हींवरही काट मारली होती आणि पुढे लिहिले होते, 'माझ्या आईला माहीत होता.'

सातव्या आठवड्यात सौंदडहून निरोप आला. मुलाच्या आजोबांची प्रकृती ठीक नव्हती. त्यांना लग्न फाल्गुनातच हवे होते. मुहूर्त नेमका परीक्षेच्या आठवड्यात पडत होता. बाबांनी होकार कळवायचे ठरवले. मला कोणी विचारले नाही आणि मीही काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पत्र तर द्यायचेच होते. मी फ्रेंचमध्ये बारा छोटी वाक्ये लिहिली.

संध्याकाळी ते परत आले. चार चुका, चारही दुरुस्त. खाली नेहमीचा मजकूर नव्हता. फक्त एक ओळ होती : 'पत्र स्पष्ट आहे.' मी तो कागद घेऊन गोठ्यात जाऊन रडले. मला वाटले, या माणसाला चुकांपलीकडे काही दिसतच नाही.

त्याच रविवारी चिट्ठीबाबू मुर्रीला आले. गोंदियाहून पायी, काखेत छत्री. मी त्यांना प्रथमच पाहत होते. बाबांनी ओसरीवर घोंगडी टाकली, पाणी दिले. आई आणि मी दाराआड उभ्या राहिलो. बाबूंनी कोटाच्या आतून घडी केलेला एक पातळ कागद काढला. कारखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राची ते यंत्रात दाबून नक्कल काढत. माझ्या पत्राचीही त्यांनी काढली होती.

"आपकी बेटी का चिट्ठी है," ते म्हणाले. "मेरे को लिखा है, लेकिन आपका है. मैं पढ़ता."

एक वाक्य फ्रेंचमध्ये वाचत आणि मग त्याचे हिंदी सांगत. आवाजात चढउतार नाही, कारखान्यात मालाचे पत्र वाचावे तसे.

'माझे वडील चांगले आहेत. बैल घेताना ते त्याचे वय विचारतात. बियाणे घेताना ते गाव विचारतात. मला त्यांनी काही विचारले नाही. मला त्यांचा राग नाही. परीक्षेच्या दिवशी मी सौंदडला असेन. माझे पुस्तक इथे असेल. मी सात आठवडे रोज एक पत्र लिहिले. मला आणखी दोन आठवडे हवे आहेत. नापास झाले तर मी जाईन. मराठीत मला नाही म्हणता येत नाही. या भाषेत येते.'

बाबा पुढे वाकून कागदाकडे पाहू लागले. मग म्हणाले, "हे तिनंच लिवलं?"

"हां. चार गलती था. मैंने ठीक किया. बाकी सब उसका है."

बाबांनी दाराकडे मान वळवली. "मले कायले नाई सांगतलं, पोरी?"

माझ्याऐवजी आईच बोलली. "तुमी कवा पुसलं?"

बाबा त्या कागदाकडे हात करून म्हणाले, "हे माझ्यापाशी ठेवू का?" त्यांना फ्रेंच येत नव्हते, मराठीही जेमतेम सहीपुरतीच येत होती. बाबूंनी कागद दिला, छत्री उचलली आणि निघाले. दारापाशी थांबून, माझ्याकडे न पाहता, त्यांनी एवढेच म्हटले, "कल का चिट्ठी नहीं आया तो मैं फिर आता." बाबांना हसू आले. त्या दिवशी ते तेवढेच हसले.

सौंदडला निकालापर्यंत थांबायचा निरोप गेला. मी परीक्षेला नागपूरला गेले. फ्रेंचच्या पेपरात घरातल्या एका माणसाविषयी लिहायचे होते. मी बाबांवर लिहिले, छोट्या वाक्यांत, माहीत असलेल्या शब्दांत. पास झाले. फ्रेंचमध्ये गरजेपेक्षा फक्त सहा गुण जास्त होते. बाबूंना कळवले, तर निकालाच्या पत्रातही त्यांनी दोन चुका काढल्या. सौंदडच्या लोकांना एवढी शिकलेली सून नको होती. त्यांनी आपणहून माघार घेतली.

पुढे मी शिक्षिका झाले, मग मुख्याध्यापिका. माझी पत्रे फ्रेंचमध्ये गोंदियाला जात राहिली, गाडीऐवजी टपालाने, आणि लाल होऊन परत येत राहिली. खुणा कमी होत गेल्या. लाखेचा धंदा बसला, तेव्हा चिट्ठीबाबू पाँडिचेरीला परत गेले. निरोपाला मी गोंदियाच्या स्टेशनावर गेले होते. म्हातारा सोमाजीही आला होता. तो म्हणाला, "बाबू, आता आमच्या चिठ्ठ्या कोण सुधारन?" बाबूंनी माझ्याकडे बोट दाखवले. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही, फक्त छत्री किंचित वर उचलली.

मागच्या वर्षी त्यांचे एक पत्र आले. त्यांनी मला लिहिलेले ते एकुलते एक मराठी पत्र. देवनागरी अक्षरे लहान मुलासारखी, ओळी उतरत गेलेल्या. 'मी मराठी लिहाला शिकून राहिलो. दुरुस्त करून पाठवा,' असे त्यांनी लिहिले होते. त्या आठवड्यात शाळेची तपासणी होती. मी यादीत सातव्या क्रमांकावर लिहिले, 'बाबूंचे पत्र : दुरुस्ती.' पुढच्या आठवड्यात ते तिसऱ्या क्रमांकावर आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात पहिल्या. त्याच आठवड्यात बाबू गेल्याचे त्यांच्या एका दूरच्या भाच्याचे फ्रेंच पत्र आले. शेवटच्या दिवसांत मामा टपालाची वाट पाहत असत, एवढेच त्यात सांगण्यासारखे होते.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दार लावून लाल शाई काढली आणि बाबूंचे पत्र पुढे घेतले. अकरा चुका होत्या. दहा सुधारल्या. 'शिकून राहिलो' वरही माझा टाक क्षणभर थांबला. मुलांच्या वहीत ते मी रोज खोडते. तिथे ते तसेच ठेवले. ती सोमाजीची मराठी होती, आमच्या गाडीची. मग शेवटच्या ओळीपाशी आले. रोज 'उत्तर उद्याच्या गाडीने यावे' असे लिहिणाऱ्या माणसाने तिथे लिहिले होते, 'उत्तराची घाई नाही.' त्या ओळीत सुधारण्यासारखे काही नव्हते.

मी पत्र पाकिटात घातले, त्यांचाच पत्ता लिहिला, टपालपेटीत टाकले आणि परत येऊन यादीतले पहिले काम खोडले.