मायची कडू थैली

माझी माय राजुऱ्याच्या बाजारात मासे विकते. तिच्याशी वाद घालून जिंकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. भजी खाल्ली की तिच्या उजव्या बरगडीखाली कळ यायची. "ग्यास हाये," म्हणत ती ओवा चावायची, आणि मी दवाखान्याचं नाव काढलं की ओवा मलाच द्यायची.

मग डोळे पिवळे झाले, लघवी हळदीच्या पाण्यासारखी. शेजारणीनं काविळीची माळ आणली; ती लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणे. माय ती गळ्यात घालून, अंग खाजवत बाजारात बसली. माळ लांबत गेली, कावीळही लांबत गेली. शेवटी मी तिला ओढतच चंद्रपूरला नेलं.

सोनोग्राफी पाहून डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. "लिव्हर दिवसभर पित्त तयार करतं. ते या थैलीत साठतं. तेलकट खाल्लं की थैली आवळते, पित्त नळीतून आतड्यात जातं आणि तेल पचायला मदत करतं. तुमच्या थैलीत खडे झालेत. एक घसरून नळीत अडकलाय. वाटच बंद, म्हणून पित्त रक्तात चाललंय. आधी दुर्बिणीनं तो खडा काढू, मग थैली."

"थैली मासोळीतबी असते, साहेब," माय म्हणाली. "फुटली का आख्खी मासोळी कडू!"

दुसऱ्या दिवशी भरती व्हायला गेलो. मायनं पिशवीतून ताजा रोहू काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. "थैली न फोडता साफ करून दाखवा."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"मावशी, मी मासे खात नाही," डॉक्टर म्हणाले.

"पाह्य!" माय माझ्यावर उखडली. "अन् याच्या हाती तू मले देऊन राह्यली!"

उठलीच ती. खडा तसाच राहिला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी हात जोडले, शिव्या घातल्या, काही उपयोग नाही. दारात वळून तिनं विचारलं, "तुमच्या हातून कधी फुटली का?"

देवा, खोटं बोलू दे याला, मी मनात म्हटलं.

"फुटते कधी कधी," डॉक्टर म्हणाले. "मग मिठाच्या पाण्यानं धुऊन काढतो."

माय परत येऊन खुर्चीत बसली. "मीबी तसंच करतो. कधीच फुटली नाई म्हननारा लबाड असते. चला, कोन्ती खाट?"

नळीतला खडा निघाला. थैलीच्या ऑपरेशनच्या दिवशी मात्र, आत नेताना, तिनं माझं मनगट घट्ट धरलं. एवढं घाबरलेलं मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

"फुटली तं मी कडू होईन. कडू मासोळी बाजारात चालत नाई, घरीच ठेवा लागते. मले घरी नेशील ना वो?"

मला असा राग आला! "आतापर्यंत काय गोड होतीस? तरी ठेवलंच ना घरी?"

ती हसली, हसताना पोट धरलं, आणि आत गेली.

मी बाहेर बसून देवाला नको नको ती वचनं दिली. थैली शाबूत निघाली. शुद्धीवर येताच माय स्ट्रेचर ढकलणाऱ्या नर्सवर खेकसली, "काऊन ढकलून राह्यली वो?" तो आवाज ऐकला आणि मी तिथंच भोकाड पसरलं.